कडेबाहेर गेलेला चेंडू

ऑल्डथॉर्पच्या खाणकामगारांनी ग्लेन मॉसनला वाळीत टाकलं ते जानेवारीत. निर्णय सगळ्यांनी मिळून घेतला, पण मैदानावर तो अमलात आणायचं काम एकट्या नेव्हिल ओल्ड्रॉइडच्या गळ्यात पडलं. कारण एवढंच, की ग्लेनच्या शेजारी तो उभा राहायचा.

रग्बी लीगच्या संघात माणसं तेरा. बाकीच्यांना चेंडू इकडून तिकडून कुठूनही मिळतो. अगदी कडेच्या माणसाचं, विंगरचं, तसं नसतं. त्याला चेंडू मिळतो तो मुख्यतः शेजारच्या सेंटरच्या हातून. सेंटरने दिला तर विंगरच्या नावाने सगळं मैदान ओरडतं, आणि नाही दिला तर ऐन हिवाळ्यात अर्ध्या चड्डीवर उघड्यावर उभं राहण्यापलीकडे त्याला काही काम उरत नाही. नेव्हिल सेंटर होता आणि ग्लेन विंगर. शाळेच्या संघापासून दोघं डाव्या बाजूला, याच जागांवर. नेव्हिल ग्लेनकडे न बघता चेंडू टाकायचा आणि ग्लेन तिथे असायचाच. हे कसं जमतं असं कुणी विचारलं तर दोघंही खांदे उडवायचे, कारण त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

शिवाय ग्लेन नेव्हिलचा मेहुणा. नेव्हिलची बायको मॉरीन त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली तेव्हा मॉरीनने शाळा सोडून या भावाला वाढवलं होतं.

संप आदल्या मार्चपासून चालला होता. ऑल्डथॉर्पचा क्लब पगारी खरा, पण त्या पगारावर कुणाची चूल पेटत नसे. आठवडाभर खाणीत उतरायचं आणि रविवारी मैदानात, असाच सगळ्यांचा रिवाज. खाणीची मजुरी थांबली तेव्हा रविवारचाच काय तो आधार राहिला, आणि तोही जिंकलं तर जरा नाव घेण्यासारखा. बायकांनी वेल्फेअरच्या, म्हणजे खाणकामगारांच्या क्लबच्या, हॉलमध्ये सामुदायिक स्वयंपाक सुरू केला. मॉरीन तिथे बटाटे सोलायला पहिल्या दिवसापासून होती. घरांत कोळसा नव्हता. ज्या गावाने अख्ख्या यॉर्कशरच्या शेगड्या पेटवल्या त्या गावातली माणसं जुन्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यात गुडघे टेकून कोळशाचे खडे वेचत होती.

ग्लेनच्या लहान मुलीच्या छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणाले, घर गरम ठेवा. नववर्ष उलटल्यावर एका सोमवारी, पहाटे, ग्लेन संप मोडून कामावर जाणाऱ्यांच्या, खिडक्यांना जाळ्या लावलेल्या बसमधून खाणीच्या फाटकातून आत गेला. फाटकावर संपकऱ्यांच्या पहाऱ्यात नेव्हिल होता. बसमधल्या बाकी लोकांनी टोप्या नाकापर्यंत ओढल्या होत्या. ग्लेनने तोंड लपवलं नाही. लोक "संपफोड्या! संपफोड्या!" म्हणून बसवर थुंकले, मुठी आपटल्या. नेव्हिल ओरडला नाही. आपण ओरडलो नाही याचं त्याला त्या दिवशी फार बरं वाटलं. पुढे त्या बरं वाटण्याचीच त्याला लाज वाटू लागली.

त्याच आठवड्यात सरावाच्या आधी कपडे बदलायच्या खोलीत बैठक झाली. स्टॅन टॉर्डॉफ पुढच्या फळीतला आडदांड गडी, आणि खाणीतल्या संघटनेचा माणूसही तोच. त्याने दार लावून घेतलं. ग्लेन अजून आला नव्हता.

"हे बघा," स्टॅन म्हणाला, "त्याला हात लावायचा नाही. शिवी द्यायची नाही. उगाच क्लबवाल्यांना निमित्त नको. बोलायचं नाही आणि चेंडू द्यायचा नाही. बस. उभा राहू दे गारठत."

"आणि हरलो म्हणजे?" रेमंडने विचारलं. तो फुलबॅक, सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहून बचाव करणारा, आणि काचेच्या कारखान्यात कामाला. संप त्याचा नव्हता.

"हरलो तर हरलो. वर्षभर दुसरं काय करतोय?"

कुणीतरी हसलं. मग हात वर झाले. स्टॅन नेव्हिलकडे वळला. "तुझं काय रे, नेव्ह? तुझा मेहुणा आहे. शेवटी तुझ्याच हातात आहे हे सगळं."

"माझं वेगळं काय असणार," नेव्हिल म्हणाला. "तुमचं तेच माझं."

त्यानेही हात वर केला. तो काही मनाविरुद्ध केला नव्हता, हे सांगायलाच हवं. त्यालाही राग होता. मॉरीनच्या हातांना बटाट्याच्या गार पाण्याने भेगा पडल्या होत्या, लग्नातलं घड्याळ विकलं गेलं होतं, आणि छातीत कफ काय एकट्या ग्लेनच्याच मुलीच्या होता?

कोच आर्थर स्पाइट यांना हे दोन दिवसांत कळलं. "मला तुमचं राजकारण कळत नाही," ते म्हणाले, "पण त्या पोराइतका वेगाने पळणारा माझ्याकडे दुसरा कुणी नाही. तो खेळणार." खेळू दे की, कुणाची ना होती?

पहिल्या रविवारी नेव्हिलच्या हातात चेंडू आला तेव्हा डावीकडून नेहमीची हाक आली. "आहे रे, नेव्ह!" नेव्हिलने चेंडू पोटाशी धरला आणि सरळ समोरच्या दोघांच्या अंगावर गेला. त्यांनी त्याला आडवा केला. पुन्हा चेंडू आला, पुन्हा हाक आली, पुन्हा नेव्हिल जाऊन धडकला. त्या दिवशी सामना संपेपर्यंत त्याच्या बरगड्या हुळहुळल्या होत्या. सेंटरने चेंडू कधीच सोडायचा नाही म्हटलं की सगळा मार त्यालाच खावा लागतो, हे ठराव करताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी मॉरीनने विचारलं, "त्याच्या हातात किती वेळा गेला?"

"एकदाही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि भांडी घासायला वळली. भावाचं नाव तिने संपूर्ण हिवाळ्यात घेतलं नाही. वेल्फेअरच्या स्वयंपाकघरात बाकीच्या बायका तिच्याकडे बघत असायच्या, आणि आपण रडत नाही हे तिला त्यांना दाखवायचं असायचं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारपर्यंत ग्लेन हाक मारत राहिला. मग ती बंद झाली. नेव्हिलला वाटलं होतं की हाक थांबली म्हणजे सुटलो. पण झालं भलतंच. चेंडू हातात आला की त्याचा कान आपसूक डावीकडे जायचा, आणि तिथे काहीच नसायचं.

ग्लेनने खेळ मात्र सोडला नाही. त्याने दुसरंच काम शोधून काढलं. नेव्हिलने चेंडू धरला की तो कड सोडून आत यायचा आणि नेव्हिलच्या पाठीमागे धावायचा. नेव्हिल पडला, त्याच्या हातून चेंडू निसटला, की त्यावर झेप घालायला ग्लेन हजर. पाहुण्यांचा कुणी नेव्हिलला चकवून निघाला की त्याचे पाय धरायला ग्लेन हजर. आपल्याला चेंडू मिळणार नाही हे त्याने मान्य करून टाकलं होतं, आणि जो आपल्याला चेंडू देत नाही त्याच्या चुका निस्तरण्यात तो दर रविवारी स्वतःला चिखलात लोळवून घेत होता. एकदा तर नेव्हिल इतका साफ चकला होता, की समोरचा माणूस रेषेपासून हाकेच्या अंतरावर गेला. ग्लेनने मागून येऊन त्याला पाडलं. उठताना दोघं समोरासमोर आले. नेव्हिलच्या ओठांवर शब्द आला होता. त्याने तो गिळला आणि आपल्या जागेवर गेला.

डाव्या कडेच्या कठड्याशी नेहमी म्हातारे खाणकामगार उभे असत. ग्लेन जवळ आला की ते पाठ फिरवत. त्यातला एक जण, क्लिफर्ड, ग्लेनच्या वडिलांबरोबर एकाच पाळीत काम केलेला. तोही पाठ फिरवायचा. सगळ्यात आधी.

मार्चच्या सुरुवातीला संप मोडला. काहीही हाती न लागता मोडला. सकाळी बँड वाजवत, संघटनेचा झेंडा पुढे धरून सगळे खाणीपर्यंत चालत गेले. बायका फुटपाथवर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि रडत होत्या. आता हे मैदानावरचंही संपेल असं नेव्हिलला वाटलं. त्याने आठवडाभर वाट पाहिली. ठराव करायला सगळे जमले होते, पण मोडायला कुणी पुढे येईना. शेवटी एकदा पाळी संपल्यावर अंघोळीच्या खोलीत त्याने स्टॅनला हळूच विचारलं, "संप तर संपला ना आता?"

स्टॅन पाठीला साबण लावत होता. "संप संपला," तो म्हणाला. "ग्लेनचं नाही संपलं."

"नाही, म्हणजे, खेळाचं म्हणत होतो मी. वरच्या श्रेणीत जायची संधी आहे आपल्याला..."

"तुला द्यायचा असेल तर दे की." स्टॅन हसत म्हणाला. "तुझे हात काय मी बांधलेत? दे आणि मग वेल्फेअरमध्ये येऊन बस आमच्यात."

नेव्हिलने पाण्याखाली डोकं धरलं. ज्या खाणीत माणसांना वर-खाली न्यायला लिफ्टसारखा एकच पिंजरा असतो तिथे एकटं पडणं म्हणजे काय, ते तो रोज बघत होता. पाळीला उतरताना ग्लेन पिंजऱ्यात शिरला की इतर लोक बाहेर थांबायचे. ग्लेन रिकाम्या पिंजऱ्यातून एकटाच खाली जायचा.

आणि तरीही ऑल्डथॉर्प जिंकत होतं. निम्मा संघ उपाशी, डावी बाजू लुळी, आणि तरी जिंकत होतं. भुकेली माणसं चिवट खेळतात म्हणा, किंवा दुसऱ्या कशाचा तरी राग समोरच्यावर काढतात म्हणा. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी घरच्या मैदानावर केल्डवुडशी सामना राहिला. जिंकलो तर वरची श्रेणी. गावाने त्या वर्षात एकही गोष्ट जिंकली नव्हती. ही एक जिंकायची होती.

त्या सकाळी नेव्हिलने ठरवलं. चहाचा कप हातात घेऊन मागच्या दारात उभं असताना, कुणालाही न विचारता ठरवलं की आज संधी आली तर चेंडू ग्लेनला द्यायचा. पुढचं पुढे. ठरवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने स्वतःच कप विसळून ठेवला. मॉरीनने त्याच्याकडे जरा चमकून पाहिलं. कप विसळायचं त्याने आजवर कधी नाव काढलं नव्हतं. पण तिला त्याने सांगितलं काहीच नाही. सांगितलं असतं तर पुढचं कदाचित वेगळं झालं असतं.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा ऑल्डथॉर्प दोन गुणांनी मागे होतं. एक ट्राय, म्हणजे चेंडू घेऊन रेषेपलीकडे एकदा टेकवला, की झालं. स्टॅनने मधून धडक मारली, त्याला चौघांनी मिळून पाडलं, तिथून चेंडू झटक्यात डावीकडे निघाला आणि नेव्हिलच्या हातात आला. समोर वाट मोकळी. नेव्हिल पळत सुटला. पुढे फक्त केल्डवुडचा फुलबॅक, एकटा. आपण दोघं आणि तो एक. सेंटर या क्षणासाठीच जन्माला येतो. फुलबॅकला आपल्या अंगावर घ्यायचं, तो झेपावला की चेंडू डावीकडे सोडायचा, आणि विंगरने चालत जाऊन ट्राय करायचा.

फुलबॅक नेव्हिलवर झेपावला. नेव्हिलने चेंडू सोडला. डावीकडे बघितलं असतं तर फुलबॅकला डाव कळला असता, म्हणून त्याने बघितलं नाही. बघायची गरज त्याला आजवर कधी पडलीच नव्हती. अंगावर फुलबॅक आदळत असताना त्याला कळलं की पास सुरेख गेला आहे, अगदी शाळेपासून जायचा तसा, छातीच्या उंचीवर, अलगद.

ग्लेन तिथे नव्हता. हिवाळाभर शिकला होता त्याप्रमाणे तो कड सोडून आत आला होता आणि नेव्हिलच्या पाठीमागून धावत होता, तो पडला तर चेंडू सांभाळायला. चेंडू त्याच्या जुन्या जागेवरून, तिथल्या मोकळ्या हवेतून सरळ गेला, कडेची रेषा ओलांडली आणि कठड्यावर जाऊन आपटला. त्या जागेवरून ग्लेनला हुसकावलं होतं ते नेव्हिलनेच.

मग कठड्यापाशी क्लिफर्डने टाळी वाजवली. एकट्याने, सावकाश. त्याच्याशेजारी आणखी एकाने वाजवली. आणि मग ती टाळी अख्ख्या बाजूभर पसरत गेली. संपफोड्याला देण्यापेक्षा नेव्हने चेंडू बाहेर भिरकावला! वरची श्रेणी गेली खड्ड्यात, पण पठ्ठ्याने मान नाही वाकवली! लोक त्याचं नाव घेऊन ओरडायला लागले. वर्षभर हरलेल्या माणसांना निदान हे एक आपल्या मर्जीने हरल्यासारखं वाटलं असावं.

नेव्हिल गुडघ्यांवर होता. त्याने मागे वळून पाहिलं. ग्लेन चार पावलांवर कमरेवर हात ठेवून उभा होता आणि आधी कठड्याकडे, मग त्याच्याकडे बघत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. तो कशाची तरी वाट बघत असल्यासारखा दिसत होता.

ऑल्डथॉर्प सामना हरलं. कपडे बदलायच्या खोलीत आर्थर स्पाइट पांढरेफटक होऊन आले आणि थेट नेव्हिलसमोर उभे राहिले.

"मला एकच सांग. मुद्दाम फेकलास?"

बुटांच्या नाड्या सोडणारे हात थांबले. समोरच्या बाकाच्या टोकाला, जिथे चार महिने त्याच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी असायची, तिथे ग्लेन बसला होता. तो आता नेव्हिलच्याच तोंडाकडे बघत होता.

"काय विचारताय, आर्थर," स्टॅन मध्येच म्हणाला आणि त्याने नेव्हिलच्या पाठीवर थाप मारली. "सगळ्या गावाने बघितलं की! आपला नेव्ह सोन्यासारखा माणूस आहे."

दुसऱ्या कुणीतरीही थाप मारली. रेमंडने टॉवेल जमिनीवर आपटला आणि तो शिव्या देत बाहेर गेला. नेव्हिलला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. नाही, मी ग्लेनला दिला होता. लहान मुलालाही येईल असं वाक्य. ते त्याच्या गळ्यापर्यंत आलं. मग त्याला रिकामा पिंजरा दिसला, मॉरीनकडे बघणाऱ्या बायका दिसल्या, आणि पाठीवरचे ते हात, जे खरं सांगायचं तर उबदार होते. तो खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागला. ती आधीच सुटलेली होती.

ग्लेनने पिशवी उचलली आणि तो निघून गेला.

वेल्फेअरमध्ये त्या संध्याकाळी नेव्हिलला बिअर विकत घ्यावी लागली नाही. जो तो त्याच्यासमोर पेला ठेवत होता. "कसला भिरकावलास, लेका!" "तोंड बघितलंस का त्याचं?" नेव्हिल मान डोलवत होता. त्याने खोटं असं काही सांगितलं नाही. लोक बोलत होते आणि तो खोडून काढत नव्हता, एवढंच. अर्धा पेला तसाच ठेवून तो उजेड आहे तोवर घरी आला.

मॉरीन स्वयंपाकघरात कोट न काढता बसली होती. सामन्याला ती वर्षभरात पहिल्यांदाच आली होती.

"मी उभी राहिले होते," ती म्हणाली. "तू पळायला लागलास ना, तेव्हा. सगळ्यांच्या देखत उभी राहिले. म्हटलं, आता देतो. आता देईलच." तिचा आवाज फाटला. "बाहेर कशाला फेकलास रे? नसता द्यायचा तर स्वतःपाशी ठेवायचास. असा तोंडावर कशाला फेकायचा? मी वाढवलंय त्याला."

"फेकला नाही, मॉरीन. दिला होता. तो तिथे नव्हता."

तिचा विश्वास बसला हे त्याला दिसलं, आणि ते जास्तच कठीण झालं.

"मग खोलीत सांगितलंस ना? सगळ्यांना?"

त्याने नळ उघडून हात धुवायला घेतले.

"नेव्ह?"

"स्टॅन बोलत होता..."

मॉरीन उठली आणि दार उघडून रस्त्यावर गेली. ग्लेनचं घर त्याच ओळीत, खालच्या टोकाला. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या खिडक्यांसमोरून ती गेली आणि जानेवारीपासून पहिल्यांदा तिने भावाचं दार वाजवलं. ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा झाला होता.

"मी सांगितलं त्याला," ती म्हणाली. "तो म्हणाला, नेव्हला येऊन सांगू दे. पुढच्या दाराने येऊ दे."

नेव्हिलने कोट घातला. त्याने खरंच घातला, आणि पुढचं दार उघडलं. पण ऊन चांगलं पडलं होतं आणि ओळीतली निम्मी माणसं पायऱ्यांवर येऊन बसली होती. क्लिफर्ड समोरच होता. "शाब्बास रे पोरा!" त्याने हात वर केला. "तुझा बाप असता तर आज त्याची छाती फुगली असती!" पलीकडच्या पायरीवरून कुणीतरी टाळी वाजवली. नेव्हिलनेही हात वर केला. मग जणू दुधाची बाटली घ्यायलाच बाहेर आलो होतो असं दाखवत पायरीवरची रिकामी बाटली उचलून तो आत आला आणि दार लावून घेतलं.

"उद्या जातो," तो म्हणाला. "जरा रस्ता रिकामा असला की."

मॉरीनने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ऑल्डथॉर्पमध्ये रस्ता कधी रिकामा नसतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

जूनमध्ये कम्ब्रियाच्या किनाऱ्यावरच्या सॉल्टहेवन क्लबने ग्लेनला घेतलं. त्याने खाणही सोडली. सामान न्यायला ट्रक आला त्या दिवशी कुणी मदतीला गेलं नाही. मॉरीन तेवढी गेली आणि भाचीला कडेवर घेऊन, सावकाश निघालेल्या ट्रकबरोबर वळणापर्यंत रस्त्याच्या मधोमध चालत राहिली. तिथे तिने मुलीला ट्रकमध्ये बसलेल्या आईच्या हातात दिलं. नेव्हिल पडद्याआडून बघत होता. त्यानंतर वेल्फेअरमधल्या दोन बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिने ते फारसं मनावर घेतलं नाही.

पुढच्या मोसमात नेव्हिलच्या शेजारी नवा विंगर आला, गुणी होता. नेव्हिल त्याला आधी बघायचा आणि मग चेंडू द्यायचा.

नोव्हेंबरात ऑल्डथॉर्पचा संघ सॉल्टहेवनला गेला. समुद्रावरून पाऊस आडवा येत होता आणि मैदानाची दलदल झाली होती. ग्लेन त्यांच्या कडेला होता. त्याला भरपूर चेंडू मिळत होता. मध्यंतरानंतर एकदा तो चेंडू घेऊन आत वळला आणि थेट नेव्हिलच्या वाटेत आला. नेव्हिलने त्याला कमरेत धरून खाली आणलं. दोघं चिखलात घसरत गेले आणि थांबले तेव्हा नेव्हिल ग्लेनच्या पाठीवर पडलेला होता, त्याचं तोंड ग्लेनच्या कानाशी. पावसाच्या आवाजात कुणालाही काही ऐकू जाणार नव्हतं. पंच येऊन उठवेपर्यंतचा तेवढा वेळ.

"ग्लेन," नेव्हिल धापा टाकत म्हणाला. "तो पास खरा होता रे. मी तुला दिला होता. शप्पथ."

ग्लेनचा गाल चिखलात होता.

"माहितीये," तो म्हणाला.

"काय?"

"हातातून सुटला तेव्हाच कळलं होतं. एवढी वर्षं तुझे चेंडू झेललेत मी. मला नाही कळणार?"

"मग... मग मी येऊन सांगावं असं मॉरीनला तू का..."

"खोलीत सगळे होते, नेव्ह. मी तुझ्याकडे बघत होतो." ग्लेनने हात टेकून स्वतःला वर रेटलं. "इथे खाली काय सांगतोस?"

"सोडा त्याला! उठा!" पंच ओरडला.

नेव्हिल बाजूला झाला. ग्लेन उठला, पाडलेल्या खेळाडूने खेळ पुन्हा सुरू करायचा असतो तसा त्याने चेंडू पायाखाली टेकवला, टाचेने मागे सारला आणि तो आपल्या कडेला निघून गेला. स्टॅन मधून ओरडत होता, "मागे ये, नेव्ह! मागे ये!" नियमाप्रमाणे नेव्हिल मागे सरला आणि ओळीत इतरांशेजारी जाऊन उभा राहिला.